गळ्यातली गाठ: सुरीपासून सुईपर्यंत

विठ्ठलवाडीहून मध्य रेल्वेच्या लोकलने परळला गेले, की टाटा रुग्णालयाच्या आवारात भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर लागते. ते १९६३ साली सुरू झाले. थायरॉइडचे, म्हणजे गळ्यातील अवटु ग्रंथीचे आजार हे तेथील कामाचे महत्त्वाचे अंग. ही ग्रंथी रक्तातील आयोडीन ओढून घेते. त्यामुळे तोंडाने दिलेले किरणोत्सारी आयोडीन-१३१ नेमके तिच्याच पेशींत साठते आणि त्या पेशी मारते. त्याचे अर्धायुष्य सुमारे ८ दिवसांचे.

मात्र कर्करोगात हे आयोडीन बहुधा शस्त्रक्रियेनंतर, मागे राहिलेल्या पेशींसाठी देतात. मग गाठ अगदी लहान असेल, तर सुरी मुळातच टाळता येईल का? हा प्रश्न समजण्यासाठी थोडे मागे जाऊ या.

स्वित्झर्लंडमधील बर्नचे शल्यविशारद थिओडोर कोखर गलगंडाच्या शस्त्रक्रियेत निष्णात होते. संपूर्ण ग्रंथी काढलेले त्यांचे अनेक रुग्ण पुढे सुजट व मंद झाले. कोखर यांनी १८८३ मध्ये हे स्वतःच जाहीर केले. ग्रंथीच्या कार्यावरील संशोधनाला १९०९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आज थायरॉक्सिनची गोळी ती उणीव भरून काढते. पण ती जन्मभर घ्यावी लागते. शिवाय आवाजाच्या नसेला इजा होण्याचा धोका उरतोच.

पुढे सोनोग्राफी आली आणि हाताला न लागणाऱ्या गाठीही दिसू लागल्या. फिनलंडमध्ये १०१ शवविच्छेदनांत बारकाईने शोध घेतला, तेव्हा ३६ जणांत थायरॉइडचा सूक्ष्म कर्करोग सापडला (१९८५). दक्षिण कोरियात १९९३ ते २०११ या काळात या रोगाचे निदान १५ पटींनी वाढले. मृत्यूंचे प्रमाण मात्र जवळजवळ तेवढेच राहिले. म्हणजे अनेक गाठी निरुपद्रवीच होत्या!

जपानमध्ये कोबे येथील कुमा रुग्णालयात डॉ. अकिरा मियाउची यांच्या सूचनेवरून १९९३ मध्ये एक धाडसी प्रयोग सुरू झाला. एक सेंटिमीटरपर्यंतच्या, कमी धोक्याच्या पॅपिलरी गाठी न कापता त्यांवर नियमित नजर ठेवायची. २०१४ साली १,२३५ रुग्णांचा अहवाल आला. दहा वर्षांत सुमारे ८ टक्के रुग्णांची गाठ ३ मिलिमीटर किंवा अधिक वाढली. थायरॉइडच्या कर्करोगाने कोणीही दगावले नाही. ज्यांना नंतर शस्त्रक्रिया लागली, त्यांनाही उशीर महागात पडला नाही.

ज्यांना नुसते थांबणे मानवत नाही, त्यांच्यासाठी आता सुईचा मार्ग आहे. गळा बधिर करून, सोनोग्राफीत पाहत सुई गाठीत नेतात. रेडिओलहरींच्या विद्युतप्रवाहाने टोकाभोवतीची ऊती तापते व मरते. शरीर ती हळूहळू शोषून घेते. जवळची नस भाजू नये म्हणून मध्ये थंड द्राव सोडतात. पण गाठ बाहेर येत नसल्याने ती संपूर्ण तपासता येत नाही. म्हणून पुढील तपासण्या चुकवून चालत नाही. नसेला वा श्वासनलिकेला चिकटलेल्या किंवा लसीकाग्रंथींत पसरलेल्या गाठींना शस्त्रक्रियाच हवी.

‘कर्करोग’ हा शब्द कानावर पडताच “आधी काढून टाका” असे आपण म्हणतो. गाठ केवढी, कोठे आणि कोणत्या जातीची, हे तीन प्रश्न त्याआधी विचारायला विद्यार्थ्यांना शिकवावे, असे आम्हांस वाटते. उत्तर अर्थातच तज्ज्ञांनी द्यायचे.