गुंतवणुकीची सदनिका : तपासणी व देखभाल

स्वतः राहण्यासाठी नव्हे, तर भाडे आणि किंमतवाढ यांसाठी घेतलेल्या घराची वेळोवेळी पाहणी करून त्यातील दोष हेरणे व दुरुस्त करणे. महाराष्ट्रातील शहरांत ही गुंतवणूक बहुधा सहकारी गृहनिर्माण संस्थेतील सदनिकेत होते. तिथे मालकाच्या ताब्यात असतो तो घराचा आतला भाग. खांब, तुळया, गच्ची, बाहेरच्या भिंती आणि सामाईक नळ संस्थेकडे असतात. घराचे आयुष्य ठरते ते यांवरच, आणि गुंतवणूकदाराचे दुर्लक्षही नेमके इथेच होते.

खरेदीपूर्वीची पाहणी पावसाळ्यात किंवा तो सरताच करावी. उन्हाळ्यात ताज्या रंगाखाली ओल लपते. छताचे कोपरे, खिडक्यांच्या खालच्या कडा आणि न्हाणीघरामागची भिंत आधी पाहावी. प्लॅस्टरवर हलके ठोकल्यास बद्द आवाज आला, तर ते आतून सुटलेले असते. त्यावरच्या केसासारख्या बारीक भेगांना घाबरण्याचे कारण नाही. भेग सळईच्या रेषेत असून तिच्या कडेने तांबूस डाग असतील, तर मात्र दोष गंभीर समजावा. काँक्रीटमधील अल्कता सळईला गंजापासून जपते. हवेतील कार्बन डायऑक्साइडने ती हळूहळू घटते. मुंबई-कोकणच्या किनाऱ्यावर समुद्राचा क्षारही आत शिरतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे काँक्रीट आतून फुटून त्याचे पोपडे पडतात. अशा जागी वरून सिमेंट थापून रंग देणे ही निव्वळ फसवणूक आहे. सैल काँक्रीट काढून, सळई साफ करून, गरज पडल्यास बदलून मगच भर घालावी लागते.

इमारतीची प्रकृती स्ट्रक्चरल ऑडिटमधून, म्हणजे तिच्या सांगाड्याच्या तांत्रिक तपासणीतून कळते. संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे ऑडिट दर ५ वर्षांनी, तर त्याहून जुन्या इमारतीचे दर ३ वर्षांनी करायचे असते. रिबाउंड हॅमर, श्राव्यातीत ध्वनीचे स्पंद आणि काँक्रीटचा गाभा काढून केलेली चाचणी या त्यातील नेहमीच्या चाचण्या होत.

खर्चाची वाटणीही उपविधींत आहे. गच्चीतून किंवा बाहेरच्या सामाईक नळांतून होणारी गळती संस्थेने, तर घरातील न्हाणीघर, शौचालय वा सिंकची गळती सदस्याने दुरुस्त करायची. वरच्या मजल्यावरची मोरी खालच्याच्या छतात झिरपते, तेव्हा वाद वर्षानुवर्षे चालतो आणि तोवर स्लॅब कुजत राहतो. नव्या इमारतीत ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामातील दोष दाखवून दिला, तर रेरा, म्हणजे स्थावर संपदा (नियमन व विकास) कायद्याच्या कलम १४ नुसार विकासकाने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो.

घर भाड्याने दिल्यावरही पाहणीचा हक्क मालकाकडे राहतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २८ नुसार पूर्वसूचना देऊन वाजवी वेळी जाता येते. किल्ली हाताशी आहे म्हणून केव्हाही दार उघडता येत नाही. दुरुस्तीची जबाबदारी याच अधिनियमाच्या कलम १४ ने घरमालकावर टाकली आहे. १५ दिवसांची नोटीस देऊनही त्याने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मर्यादा वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाची. ताबा देताना आणि परत घेताना मीटरचे आकडे, नळ, विजेची बटणे, भिंती यांची छायाचित्रांसह यादी केली, तर अनामतीवरून होणारी भांडणे बव्हंशी टळतात. बंद ठेवलेले घर अधिक लवकर बिघडते : सांडपाण्याच्या जाळ्यांखालचे पाणी आटून दुर्गंधी व झुरळे वर येतात, लाकडी चौकटींना वाळवी लागते.

प्राप्तिकरात भाड्याच्या निव्वळ वार्षिक मूल्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, दुरुस्तीवर एक रुपयाही न खर्चता. त्यामुळे पैसा घरावर लावण्याची घाई कोणाला नसते. बाहेरगावी राहणारे मालक संस्थेच्या वार्षिक सभेला येत नाहीत आणि मोठ्या दुरुस्तीची वर्गणी मागितली की विरोध करतात. त्याचा त्रास तिथे राहणाऱ्यांना होतो. सदनिका घेणाऱ्याने करारापूर्वी संस्थेकडे शेवटचा ऑडिट अहवाल, सिंकिंग फंडाची (मोठ्या दुरुस्तीसाठीच्या राखीव निधीची) शिल्लक आणि दुरुस्तीचे ठराव मागावेत. घेतल्यानंतर सभेला जावे.