प्रायश्चित्त की हौतात्म्य? : मराठी रंगभूमीवरील संभाजीच्या अंताचा नैतिक निवाडा

१

सदोष नायकाने अखेरीस प्राण दिले तर त्या प्राणदानाने त्याचे पूर्वायुष्य फेडले जाते काय, हा प्रश्न शोकात्मिकेच्या मीमांसेइतकाच जुना आहे. येथे अभिप्रेत असलेला नायक संस्कृत नाट्यशास्त्रातला प्रतिनायक नव्हे. रावणाप्रमाणे तो कुणा नायकाचा विरोधक नसतो. कथेच्या केंद्रस्थानी तोच असतो, सहानुभूती त्याच्याकडेच वाहते, मात्र त्याचे आचरण ती सहानुभूती सतत अडचणीत आणते. डिकन्सच्या 'अ टेल ऑफ टू सिटीज' (१८५९) या कादंबरीतला व्यसनी, आयुष्य वाया घालवलेला सिडनी कार्टन दुसऱ्याच्या जागी वधस्तंभावर जातो. 'कोड गियास' (२००६-०८) या जपानी ॲनिमे मालिकेतला लेलूश जगाचा सारा द्वेष स्वतःवर ओढवून घेऊन मित्राच्या हातून स्वतःचा वध घडवून आणतो, आणि त्याच्या या अंतिम त्यागाचे नैतिक समर्थन करता येते का, यावर तिचे प्रेक्षक अजूनही वाद घालतात. माध्यमे वेगळी असली तरी वादाची घडण एकच आहे. एका पारड्यात दोष ठेवायचे, दुसऱ्यात मरण ठेवायचे आणि काटा कुठे झुकतो ते पाहायचे.

मराठी वाङ्मयात हा वाद सर्वांत दीर्घकाळ आणि सर्वांत तीव्रतेने झाला तो संभाजीच्या व्यक्तिरेखेभोवती. मात्र कार्टन आणि लेलूश कल्पित आहेत. त्यांचे दोषही लेखकाने घडवले आणि त्यांचे मरणही. संभाजीच्या बाबतीत मरण इतिहासाने दिलेले आहे, तर दोषांचा मोठा भाग बखरींनी आणि नाटककारांनी पुरवलेला आहे. त्यामुळे 'त्यागाने दोष फिटले काय?' या प्रश्नाआधी 'हे दोष कुणी आणि कशासाठी मांडले?' हा प्रश्न विचारावा लागतो. प्रस्तुत विवेचनात ऐतिहासिक पुरुषाचा उल्लेख संभाजीराजे असा, तर संहितेतील पात्राचा उल्लेख संभाजी असा केला आहे. हा भेद केवळ आदरार्थी बहुवचनाचा नाही. तो पुसट झाल्यामुळेच या वादात अनेक घोटाळे झाले.

२

इतिहासाची चौकट थोडक्यात सांगता येते. १६५७ साली पुरंदरावर जन्मलेले संभाजीराजे डिसेंबर १६७८ मध्ये दिलेरखानाच्या छावणीत गेले आणि सुमारे वर्षभराने परतले. ३ एप्रिल १६८० रोजी शिवछत्रपतींचे निधन झाले. वारसाहक्काच्या संघर्षातून वर आलेल्या संभाजीराजांचा जानेवारी १६८१ मध्ये राज्याभिषेक झाला. त्याच वर्षी कटाच्या आरोपावरून अण्णाजी दत्तो, बाळाजी आवजी चिटणीस आदींना देहान्त शासन झाले. पुढील आठ वर्षे मोगल, जंजिऱ्याचा सिद्दी, गोव्याचे पोर्तुगीज आणि म्हैसूरचा चिक्कदेवराय अशा चौफेर आघाड्यांवर गेली. १ फेब्रुवारी १६८९ रोजी संगमेश्वर येथे कवी कलशासह ते पकडले गेले आणि ११ मार्च १६८९ रोजी भीमा-इंद्रायणीच्या संगमाच्या परिसरात त्यांचा हालहाल करून वध झाला.

या चौकटीत व्यसनी, स्त्रीलंपट, अविचारी राजपुत्राचे जे चित्र पुढे भरले गेले, त्याचा प्रमुख आधार म्हणजे मल्हार रामराव चिटणीस यांची एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची बखर. बखरकार बाळाजी आवजींचे वंशज होते आणि लेखन घटनेनंतर सव्वाशे वर्षांनी झाले, ही गोष्ट इतिहास-संशोधकांनी वारंवार निदर्शनास आणली आहे. त्याआधीची सभासदाची बखर राजारामांच्या आश्रयाने, म्हणजे वारसासंघर्षातील दुसऱ्या पक्षाच्या दरबारात लिहिली गेली. यावरून हे लेखन सर्वस्वी खोटे ठरत नाही, पण त्याची वाचनदृष्टी मात्र ठरते. बखर ही फिर्यादीचीही संहिता असू शकते, आणि फिर्यादीच्या संहितेत आरोपीच्या मरणाला आपोआपच शिक्षेचा अर्थ येतो.

येथे वाङ्मयीन अडचण निर्माण झाली. तुळापूरचा अंत इतका दारुण आणि त्यातला धीर इतका निर्विवाद होता की त्याला निव्वळ शिक्षा म्हणणे मराठी मनाला मानवणारे नव्हते. दोषही सोडवत नव्हते आणि धीरही नाकारता येत नव्हता. ही गाठ सोडवणारी कल्पना परंपरेत तयार होती : प्रायश्चित्त.

३

राम गणेश गडकरी यांचे 'राजसंन्यास' हे या कल्पनेचे सर्वांत समर्थ नाट्यरूप होय. जानेवारी १९१९ मध्ये गडकऱ्यांचे निधन झाले तेव्हा ते अपुरेच होते. ते प्रसिद्ध झाले ते १९२२ साली. या नाटकातला संभाजी तुळशी या काल्पनिक स्त्रीच्या मोहात राज्याचे भान गमावतो, आणि मरणाच्या छायेत त्याला राजपदाचा खरा अर्थ उमगतो : राजाने राज्याचा उपभोग घ्यायचा नसतो, राज्य करणे हाच एक संन्यास आहे. शीर्षकाचा संपूर्ण भार या उशिरा आलेल्या ज्ञानावर आहे. ॲरिस्टॉटलच्या परिभाषेत हा अभिज्ञानाचा क्षण होय.

गडकऱ्यांची नैतिक रचना काटेकोर आहे. ज्ञान मोलाचे ठरायचे तर आधीचे अज्ञान खोल हवे, आणि त्याग उंच दिसायचा तर पतन तितकेच नीच हवे. नाटककाराला दोष हवे होते ते संभाजीची निंदा करण्यासाठी नव्हे, तर त्याच्या अंताला अर्थ देण्यासाठी. 'एकच प्याला'तील सुधाकराची घडणही याच जातीची आहे. परंतु सुधाकर कुणाचा पूर्वज नाही. संभाजीच्या बाबतीत कलेची गरज आणि ऐतिहासिक पुरुषाची प्रतिष्ठा यांत उघड संघर्ष येतो. प्रायश्चित्ताच्या रचनेत नायकाला गौरव मिळतो खरा, पण त्यासाठी आधी अपराध कबूल करण्याची अट असते. आरोपीने न केलेल्या गुन्ह्याची कबुली देऊन माफी मिळवावी, तसा हा गौरव आहे. विष्णु हरी औंधकर यांच्या 'बेबंदशाही'सारख्या पुढच्या नाटकांनाही ही अट ओलांडता आली नाही.

४

ही अट बदलण्यास आरंभ झाला तो गिरगावच्या रंगभूमीवर. खोताच्या वाडीपासून पायी काही मिनिटांच्या अंतरात मराठी नाट्यव्यवहाराचा एक दाट प्रदेश पसरलेला होता. १८९३ साली सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झालेली केशवजी नाईकांची चाळ, केळेवाडीत १९६४ साली उभे राहिलेले मुंबई मराठी साहित्य संघाचे नाट्यगृह, प्रभाकर पणशीकरांची फणसवाडी, ही सर्व एकाच वस्तीतली ठिकाणे. १९६२ साली दि गोवा हिंदु असोसिएशनने वसंत कानेटकरांचे 'रायगडाला जेव्हा जाग येते' मास्टर दत्ताराम यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आणले आणि त्यातून काशिनाथ घाणेकरांचा संभाजी घराघरांत पोहोचला.

कानेटकरांनी दोषाचे स्थान हलवले. बखरीत आणि गडकऱ्यांत दोष संभाजीच्या स्वभावात होता. येथे तो घरात आला. बाप आणि मुलगा यांच्यातील अबोला, सावत्र आईची आकांक्षा, थोरल्या पराक्रमाखाली गुदमरणारा वारस, या ताणांत संभाजीचे वर्तन समजण्याजोगे होते, म्हणून क्षम्यही वाटू लागते. तुळापूर हा या नाटकाचा विषय नाही, पण प्रेक्षक तो विसरत नाही. हा मुलगा पुढे कसा मरणार आहे हे ठाऊक असल्यामुळे त्याचे प्रत्येक उद्धट वाक्य प्रेक्षक आधीच माफ करून ऐकतो. न दाखवलेले मरण येथे दाखवलेल्या दोषांचा जामीन राहते.

१९६८ च्या 'इथे ओशाळला मृत्यू'मध्ये मरण प्रत्यक्ष रंगमंचावर येते. पणशीकरांचा औरंगजेब आणि घाणेकरांचा संभाजी यांच्यात जो सामना होतो त्यात गतायुष्याचा हिशेब दुय्यम ठरतो. शीर्षकातच निवाडा आहे : ओशाळतो तो अपराधी नव्हे, मृत्यू ओशाळतो. त्या पिढीच्या प्रेक्षकाला ही भाषा परकी नव्हती. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गोळीबार सोसलेल्या गिरगावात 'हुतात्मा' हा शब्द रोजच्या बोलण्यातला झाला होता. हुत म्हणजे अग्नीत अर्पिलेले. प्रायश्चित्तात मागे वळून केलेली फेड असते, हौतात्म्यात समोरच्या तत्त्वासाठी केलेले अर्पण असते. पहिल्याला अपराध लागतो, दुसऱ्याला लागत नाही. खोताच्या वाडीत ख्रिस्ती घरांच्या मधोमध उभ्या असलेल्या क्रुसामागच्या परंपरेतही हा भेद जुना आहे. माणूस हुतात्मा होतो तो सोसलेल्या शिक्षेमुळे नव्हे, ती ज्या कारणासाठी सोसली त्यामुळे, असा विचार संत ऑगस्टिनने मांडला होता.

५

कारणाचा प्रश्न निघाला की पुन्हा इतिहासाकडे जावे लागते. त्याग म्हणण्यासाठी दोन गोष्टी हव्यात : निवडीला वाव आणि ज्यासाठी प्राण द्यायचे असे काही. लेलूश स्वतःच्या मरणाची योजना आखतो, कार्टन स्वतःहून तुरुंगात जातो. संभाजीराजे पकडले गेले, पकडले जाणे त्यांनी निवडले नव्हते. निवड असलीच तर ती १ फेब्रुवारी ते ११ मार्च या दिवसांतली. फार्सी वृत्तांतांत खजिन्यांची ठिकाणे आणि फितूर मोगल सरदारांची नावे यांविषयी केलेल्या विचारणेचा आणि कैद्याने बादशहाची केलेल्या निर्भर्त्सनेचा उल्लेख येतो. धर्मांतराच्या अटीची कथा पुढच्या मराठी परंपरेत विस्तारली. तपशिलांत भेद असला तरी एक गोष्ट दोन्हीकडे समान राहते. शरण जाऊन काही देण्याची वाट दिसत होती आणि कैदी त्या वाटेने गेला नाही. त्यागाची किमान अट एवढ्याने पूर्ण होते.

परिणामांवरून त्यागाचे समर्थन करण्याची रीतही रूढ आहे. तुळापूरच्या ज्वालेतून स्वातंत्र्ययुद्ध पेटले आणि १७०७ पर्यंत औरंगजेब दख्खनमध्येच झिजला, असा हा युक्तिवाद. त्यात तथ्य आहे, पण त्याच १६८९ च्या नोव्हेंबरात रायगड पडला आणि येसूबाई व बाल शाहू कैद झाले, हाही परिणामच होता. राजारामांचे जिंजीला निसटणे, संताजी-धनाजींच्या मोहिमा, ताराबाईंचे नेतृत्व यांचे श्रेय त्या त्या व्यक्तींचे आहे. मरणाऱ्याला जे ठाऊक असणे शक्य नव्हते, त्यावरून त्याच्या कृतीचे नैतिक मूल्य ठरवता येत नाही.

६

दरम्यान अपराधाची बाजूच ढासळत गेली. वा. सी. बेंद्रे यांनी अनेक दशकांच्या शोधानंतर १९६० साली संभाजीराजांचे चरित्र सिद्ध केले. १९७१ साली कमल गोखले यांचा 'शिवपुत्र संभाजी' हा ग्रंथ आला. 'बुधभूषणम्'चा कर्ता, अनेक आघाड्या एकाच वेळी लढवणारा सेनानी आणि कारभारात दक्ष राज्यकर्ता असे चित्र समोर आले. शिवाजी सावंतांच्या 'छावा' (१९७९) या कादंबरीने ते लोकमानसात रुजवले आणि २०२५ च्या त्याच नावाच्या हिंदी चित्रपटाने ते मराठीबाहेर नेले.

हे ऋणमोचन आवश्यक होते. तथापि त्याची एक वाङ्मयीन किंमतही आहे. बखरीने जे दोष लादले ते दूर करताना, जे खरोखर घडले तेही दूर करण्याची ओढ निर्माण झाली. दिलेरखानाकडे जाणे हे गुप्त राजकारण होते अशी स्पष्टीकरणे लोकप्रिय झाली. एप्रिल १६७९ मध्ये भूपाळगड पडला तेव्हा संभाजीराजे मोगलांच्या बाजूला होते, आणि दिलेरखानाने सुमारे सातशे कैद्यांचा एकेक हात तोडला. अथणीच्या लुटीनंतर ते खानाला सोडून निघाले. या वर्षाचा बोजा चिटणिसाच्या बखरीवर अवलंबून नाही. येथे मद्य नाही, तुळशी नाही. बापाशी बिनसलेल्या एकवीस-बावीस वर्षांच्या तरुणाचा एक निर्णय आहे आणि त्याची किंमत मोजणारी स्वराज्याचीच माणसे आहेत.

प्रायश्चित्ताच्या रचनेची खरी कसोटी या ठिकाणी लागते. तुळापूरच्या यातनांनी भूपाळगडच्या थोट्या हातांना काय मिळाले? फेड ज्याचे देणे त्याला व्हावी लागते. एका ठिकाणचे ऋण दुसऱ्या ठिकाणी, दहा वर्षांनी, वेगळ्याच सावकाराला देऊन चुकते होत नाही. उलट बाजूही तितकीच खरी : भूपाळगड घडला म्हणून तुळापूरच्या धैर्याचे मोल तसूभरही कमी होत नाही. पारड्यात दोष आणि मरण घालून वजन करण्याची पद्धतच चुकीची आहे, कारण ही एकाच तराजूची वजने नाहीत. अंतिम त्यागाला समर्थन हवे असेल तर ते त्या त्यागाच्या कारणातच शोधावे लागते. पूर्वायुष्याच्या दोषांत ते सापडत नाही आणि ते दोष पुसण्याचे सामर्थ्यही त्याच्यात नसते.

हे दोन हिशेब एकत्र केल्याचे परिणाम केवळ समीक्षेपुरते राहिले नाहीत. जानेवारी २०१७ मध्ये पुण्याच्या संभाजी उद्यानातील गडकऱ्यांचा पुतळा उखडून नदीत टाकण्यात आला, कारण 'राजसंन्यास'. पात्र आणि पुरुष यांतला भेद न मानणारा तो वाचकी निवाडा होता. मात्र त्या भेदाची पहिली मोडतोड नाटकानेच केली होती, हेही मान्य करावे लागते. खऱ्या नावाच्या माणसाला खोटा अपराध देऊन त्यातून उदात्त अंत साधणे ही कलावंताने घेतलेली उचल होती. तिचा जाब लेखणीने विचारायला हवा होता, तो हातोड्याने विचारला गेला.

गडकऱ्यांचा संभाजी दोषांमुळे माणूस आहे, सावंतांचा संभाजी दोषमुक्त झाल्यामुळे दैवत होण्याच्या वाटेवर आहे. भूपाळगड विसरत नाही आणि तुळापूरला त्याची भरपाईही समजत नाही, असा संभाजी मराठी रंगभूमीने अद्याप लिहिलेला नाही. त्या नाटकात मरणाला कशाचीही फेड करावी लागणार नाही, आणि म्हणूनच ते मरण अधिक मोकळेपणाने, अधिक भयंकरपणे दिसू शकेल.