रासायनिक समीकरण : इतिहास

रासायनिक विक्रियेतील मूळ पदार्थ व त्यांपासून बनणारे पदार्थ यांचे परिमाणात्मक संबंध रेणुसूत्रांच्या साहाय्याने दर्शविणाऱ्या मांडणीस रासायनिक समीकरण म्हणतात. विक्रियेने अणू नाहीसे होत नाहीत वा नवे निर्माण होत नाहीत. म्हणून प्रत्येक मूलद्रव्याची अणुसंख्या दोन्ही बाजूंस सारखी होईल असे गुणक सूत्रांपूर्वी घालतात. यास समीकरणाचे संतुलन म्हणतात. ही मांडणी निश्चित होण्यास सुमारे अडीच शतके लागली.

झां बेग्वँ यांनी १६१५ मध्ये मर्क्युरिक क्लोराइड व अँटिमनी सल्फाइड यांच्या विक्रियेतील घटकांची अदलाबदल आकृतीने दाखविली. परंतु तीत वजनांचा हिशोब नव्हता. तो अँत्वान लव्हॉइझर (१७४३–९४) यांनी आणला. तापवून लाल केलेल्या लोखंडी नळीतून वाफ नेऊन त्यांनी पाण्याचे घटक वेगळे केले. विक्रियेपूर्वीचे व नंतरचे एकूण द्रव्य समानच असते, हे तत्त्व त्यांनी १७८९ मधील आपल्या ग्रंथात मांडले आणि किण्वनाचे विवेचन करताना या समतेस ‘समीकरण’ असे संबोधिले.

जॉन डाल्टन (१७६६–१८४४) यांनी १८०८ मध्ये अणूंसाठी वर्तुळाकार चिन्हे वापरली. यन्स याकॉप बर्झीलियस (१७७९–१८४८) यांनी १८१३-१४ मध्ये मूलद्रव्यांच्या लॅटिन नावांतील आद्याक्षरे चिन्हे म्हणून सुचविली व हीच पद्धत टिकली. अणुसंख्येचे अंक ते अक्षराच्या वर लिहीत. ते खाली लिहिण्याचा प्रघात १८३४ नंतर पडला.

तथापि चिन्हे सुटसुटीत झाली, तरी सूत्रे अनिश्चितच होती. डाल्टन यांच्या मते पाण्यात हायड्रोजनाचा एक व ऑक्सिजनाचा एक अणू असतो. ऑक्सिजनाचा अणुभार ८ धरल्यास या सूत्रानेही वजनांचा ताळा बरोबर जमतो. म्हणजे केवळ संतुलनावरून सूत्राची सत्यता ठरत नाही. गे-ल्युसॅक (१७७८–१८५०) यांच्या प्रयोगांनुसार हायड्रोजनाची दोन व ऑक्सिजनाचे एक घनफळ यांपासून वाफेची दोन घनफळे मिळतात. ऑक्सिजनाचा अणू दुभंगल्याखेरीज हे डाल्टन यांच्या कल्पनेत बसत नव्हते. आमेदेओ आव्होगाद्रो (१७७६–१८५६) यांनी १८११ मध्ये उत्तर सुचविले : समान तापमान व दाब असता वायूंच्या समान घनफळांत रेणूंची संख्या समान असते आणि ऑक्सिजनाचा रेणू विभागला जाऊ शकतो. त्यानुसार

२ हायड्रोजन + १ ऑक्सिजन → २ पाणी

असे रेणूंचे प्रमाण येते. या विचाराकडे जवळजवळ अर्धे शतक दुर्लक्ष झाले. परिणामी निरनिराळे रसायनशास्त्रज्ञ निरनिराळे अणुभार वापरीत. केकूले यांनी १८६१ मध्ये ॲसिटिक अम्लाची त्या काळी सुचविली गेलेली १९ सूत्रे नोंदविली आहेत. हा गोंधळ मिटविण्यासाठी सप्टेंबर १८६० मध्ये कार्ल्झरूए येथे आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तेथे निर्णय झाला नाही. पण आव्होगाद्रो यांच्या तत्त्वावरून सुसंगत अणुभार कसे मिळतात हे दाखविणारी स्तानिस्लाओ कानित्सारो (१८२६–१९१०) यांची १८५८ मधील पुस्तिका तेथे वाटण्यात आली व तिच्यामुळे एकमताची वाट मोकळी झाली.

निश्चित सूत्रे हाती आल्यावर संतुलन हे सरळ गणित ठरते. लव्हॉइझर यांच्या प्रयोगात बनणाऱ्या काळ्या लोह ऑक्साइडाच्या सूत्रात लोहाचे ३ व ऑक्सिजनाचे ४ अणू असतात. त्यासाठी लोहाचे ३ अणू व पाण्याचे ४ रेणू लागतात आणि हायड्रोजनाचे ४ रेणू मुक्त होतात. वजनाने १६८ भाग लोह व ७२ भाग वाफ यांपासून २३२ भाग ऑक्साइड व ८ भाग हायड्रोजन मिळतो. दोन्हीकडील बेरीज २४० येते. संतुलन साधताना गुणकच बदलावयाचे असतात. सूत्रातील अंक बदलल्यास पदार्थच बदलतो.

व्हांट हॉफ (१८५२–१९११) यांनी १८८४ मध्ये उलटसुलट होणाऱ्या विक्रियांसाठी बरोबरीच्या चिन्हाऐवजी विरुद्ध दिशांचे दोन बाण वापरले. संतुलित समीकरणावरून पदार्थांचे प्रमाण कळते; विक्रियेचा वेग वा तिच्यातील मधल्या पायऱ्या मात्र त्यावरून समजत नाहीत.