संदर्भानुसार बदलणारा डेटा कसा मांडायचा?

वसई कोणत्या जिल्ह्यात येते? आज उत्तर आहे पालघर. पण ३१ जुलै २०१४ पर्यंत उत्तर ठाणे होतं, कारण ठाण्याचं विभाजन होऊन १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा तयार झाला. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, फक्त तारीख वेगळी. अशा डेटाला मी संदर्भानुसार बदलणारा डेटा म्हणतो.

अडचण कुठे येते?

वेबवरचा डेटा जोडण्यासाठी आरडीएफ हे मॉडेल वापरतात. त्यात प्रत्येक माहितीचे तीन भाग असतात, म्हणून तिला ट्रिपल म्हणतात: वसई – जिल्हा – ठाणे. यात तारखेसाठी जागाच नाही.

मग जुनं मिटवून नवीन लिहू? तिथेच घोळ होतो. २०११ च्या जनगणनेत ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १,१०,६०,१४८ होती. हा आकडा अविभाजित जिल्ह्याचा आहे. तो आजच्या ठाण्याच्या क्षेत्रफळाने भागला तर घनता उगाच फुगते. त्यावरून कोणी दवाखाने किंवा निधी वाटला, तर चूक स्क्रीनपुरती राहत नाही.

दोन उपाय

१. नेम्ड ग्राफ: २०१४ च्या आरडीएफ १.१ मध्ये ही सोय आली. ट्रिपलच्या गठ्ठ्याला नाव द्यायचं आणि तारीख, स्रोत त्या नावाला जोडायचे. जनगणनेसारखा अख्खा डेटासेट एकदम येतो, तेव्हा हे सोपं पडतं.

२. क्वालिफायर: २०१२ मध्ये सुरू झालेलं विकिडेटा ही पद्धत वापरतं. प्रत्येक विधानालाच सुरुवातीची आणि शेवटची तारीख लावता येते. एकेक माहिती वेगवेगळ्या वेळी बदलत असेल तर हेच बरं.

रँकचं काय?

विकिडेटात विधानांना तीन रँक असतात: प्रेफर्ड, नॉर्मल, डेप्रिकेटेड. डेप्रिकेटेड हा चुकीच्या माहितीसाठी आहे, जुन्या माहितीसाठी नाही. ‘ठाणे’ नॉर्मल ठेवा, ‘पालघर’ प्रेफर्ड करा. दोन्ही नॉर्मल राहिले, तर साध्या क्वेरीत दोन्ही जिल्हे येतील. प्रेफर्ड केल्यावर फक्त पालघर येईल. इतिहास हवा असेल तर विधान आणि त्याचे क्वालिफायर वेगळे मागावे लागतात.

तुमच्या डेटाबेससाठी

एसक्यूएल वापरत असाल तरी तत्त्व तेच. टेबल बनवताना मी प्रत्येक कॉलमला तीन प्रश्न विचारतो: हे कधी खरं? कुठे खरं? कोणाच्या मते खरं? एकाचंही उत्तर बदलू शकत असेल, तर ‘लागू पासून’, ‘लागू पर्यंत’ आणि ‘स्रोत’ यांपैकी लागेल तो कॉलम सुरुवातीलाच ठेवा. मिटवलेली तारीख नंतर शोधून भरणं फार महागात पडतं.