नाईलकाठची देवालये : पाहण्याचा क्रम आणि इतिहासाचा क्रम

पिरॅमिड पाहिले म्हणजे इजिप्त पाहिला, अशी समजूत आपल्याकडे फार दिवसांपासून रूढ आहे. पण पिरॅमिड ही राजांची थडगी होत. ती उत्तरेस, कैरोच्या आसपास आहेत आणि एका दिवसात पाहून होतात. या देशाचे देव जेथे राहत, त्याचे पुजारी जेथे दिवसरात्र राबत आणि राजे आपले पराक्रम जेथे भिंतींवर कोरून ठेवीत, ती मोठी देवालये तेथून शेकडो किलोमीटर दक्षिणेस, नाईलच्या दोन्ही तीरांवर पसरलेली आहेत. ती कोणत्या क्रमाने पाहावी, हा आजचा आपला विषय. हा प्रश्न प्रवासी कंपन्यांवर सोपवून मोकळे होण्याजोगा आहे, असे प्रथमदर्शनी वाटेल; परंतु ज्या क्रमाने आपण पाहतो त्याच क्रमाने इतिहास आपल्या मनात बसतो. क्रम चुकला तर दीड-दोन हजार वर्षांचे अंतर असलेल्या दोन वास्तू मनुष्य एकाच काळच्या समजतो आणि तीच समजूत घेऊन घरी परततो.

प्रथम नदीचा विचार करू. नाईल दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. म्हणून तेथे ‘वरचा’ इजिप्त म्हणजे दक्षिणेचा आणि ‘खालचा’ म्हणजे उत्तरेचा. नकाशा पाहण्याची सवय झालेल्या आपल्या डोळ्यांना हे उलटे वाटते. पण या नदीवर निसर्गाने एक मोठी सोय करून ठेवली आहे. प्रवाह उत्तरेकडे जातो, तर वारा बहुतेक वर्षभर उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतो. तेव्हा वर जाताना शीड उभारावे आणि खाली येताना ते उतरवून प्रवाहावर सोडून द्यावे. ही गोष्ट त्या लोकांच्या लिपीतही उतरली आहे. ‘दक्षिणेस जाणे’ या शब्दाच्या चित्रात शीड उभारलेली नाव असते, ‘उत्तरेस जाणे’ याच्या चित्रात शिडाविना नाव असते. जेथे प्रवास म्हणजे नौकानयन असेच समीकरण होते, तेथे देवालयेही नदीला धरून उभी राहिली यात नवल नाही. त्यांचा दगड नदीवरून आला, धान्य नदीवरून आले आणि देवही नदीवरूनच हिंडत.

देवांचे हे हिंडणे नीट समजून घेतले पाहिजे, कारण प्रवासाची आखणी करणारा पहिला यात्रेकरू तेथे देवच होता. कर्नाक येथील अमून, त्याची पत्नी मूत आणि पुत्र खोन्सू दरवर्षी ओपेतच्या उत्सवात लक्सरच्या देवालयात जात. मूर्ती नौकेच्या आकाराच्या पालखीत ठेवीत आणि ती पालखी पुजारी खांद्यावर घेत. या दोन देवालयांना जोडणारा, दुतर्फा सिंहदेही मूर्ती असलेला सुमारे २.७ किलोमीटरचा मार्ग उत्खननानंतर २०२१ साली पुन्हा खुला झाला. दुसऱ्या एका उत्सवात अमून नदी ओलांडून पश्चिमतीरावर, मृत राजांच्या देवालयांना भेट देण्यास जाई. देंदेरा येथील हाथोर देवी तर वर्षातून एकदा नौकेत बसून, दीडशेहून अधिक किलोमीटर प्रवाहाविरुद्ध प्रवास करून एदफू येथे आपला पती होरस याच्या भेटीस जाई आणि सुमारे पंधरवड्याने परत येई. म्हणजे ही देवालये एकेकटी उभी नव्हती. नदीने ती एका सूत्रात ओवली होती. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाण्याचा प्रवास हाही येथे दर्शनाचाच भाग आहे.

आता मुख्य अडचण सांगतो. लक्सरहून अस्वानपर्यंत सुमारे सव्वादोनशे किलोमीटरचा जलप्रवास आज प्रवासी बोटी तीन-चार रात्रींत करतात. वाटेत लक्सर, एस्ना, एदफू, कोम ओम्बो आणि शेवटी फिली अशी देवालये लागतात. अस्वानपासून रस्त्याने सुमारे २८० किलोमीटरवर अबू सिंबेल आहे. कालदृष्ट्या पाहता कर्नाकची उभारणी इ. स. पू. विसाव्या शतकापासून सुरू झाली आणि सुमारे दोन हजार वर्षे चालली. लक्सरचे देवालय मुख्यतः तिसरा आमेनहोतेप आणि दुसरा रामसेस यांचे, म्हणजे इ. स. पू. चौदाव्या-तेराव्या शतकांतले. पुढे एदफूला पोहोचलो की आपण एकदम इ. स. पू. २३७ मध्ये येतो. गादीवर टॉलेमी घराण्यातले ग्रीक राजे आहेत. कोम ओम्बो आणि फिली येथे जे उभे आहे तेही बहुतांशी ग्रीक-रोमन काळचे. आणि त्यापुढे अबू सिंबेलला गेलो की पुन्हा हजार वर्षे मागे, दुसऱ्या रामसेसकडे! नदी सरळ वाहते, इतिहास मात्र तिच्या काठाने पुढे-मागे जातो. तीच नौकेसारखी पालखी, तोच बहिरी ससाणा, मुकुट घातलेला तोच राजा जिकडे तिकडे पाहून मनुष्य म्हणतो, सगळे सारखेच आहे. वस्तुतः हे सारखेपण हाच येथला सर्वांत मोठा चमत्कार आहे. परके राजे आले, त्यांची भाषा निराळी होती, तरी त्यांनाही फॅरोचाच वेष करून याच देवांपुढे उभे राहावे लागले.

मग क्रम कोणता धरावा? ज्याला आठ-दहा दिवस आहेत त्याने, माझ्या मते, लक्सरला मुक्काम ठोकावा, पण कर्नाकपासून आरंभ करू नये. प्रथम उत्तरेस अबायडोस आणि देंदेरा पाहावे. अबायडोसला सेती राजाच्या देवालयात ७६ राजांच्या नावांची यादी भिंतीवर कोरलेली आहे. इजिप्तचे लोक स्वतःचा इतिहास कसा मोजीत, हे तेथे दिसते. आणि नको असलेले राजे गाळण्याची त्यांची कलाही तेथेच दिसते, कारण हातशेपसूत राणी आणि आखेनातेन यांची नावे त्या यादीत नाहीत. देंदेराच्या छतावरची शतकानुशतकांची काजळी अलीकडे साफ केल्यामुळे निळे रंग पुन्हा दिसू लागले आहेत. मागच्या भिंतीवर क्लिओपात्रा आणि तिचा पुत्र सिझारियन उभे आहेत.

या परिसरात आपल्या श्रोत्यांना जवळची वाटेल अशी एक जागा आहे. देंदेरापासून फार दूर नसलेले कोप्टोस, आजचे किफ्त, हे तांबड्या समुद्रावरील बंदरांतून येणारा माल नाईलवर चढवण्याचे ठिकाण होते. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात त्या बंदरांपासून भारतापर्यंतचा सागरी मार्ग दिला आहे आणि त्यात सोपारा, कल्याण, पैठण व तेर यांचे उल्लेख आहेत. त्याच मार्गावरील बेरेनिके या बंदरात, इसिसच्या देवालयाच्या प्रांगणात, २०२२ साली बुद्धाची संगमरवरी मूर्ती सापडली. आपल्या किनाऱ्याकडून निघालेला माल उंटांच्या पाठीवरून वाळवंट ओलांडून याच नदीने अलेक्झांड्रियाकडे जात असे.

यानंतर एदफू. ते कर्नाकहून पुष्कळ अर्वाचीन असले तरी आधी पाहावे, कारण ते जवळजवळ पूर्ण उभे आहे. वाळूत आणि गावाच्या उकिरड्यात ते इतके गाडले गेले होते, की त्याच्या छपरावर घरे झाली होती. १८६० च्या सुमारास फ्रेंच संशोधक मारिएत याने ते मोकळे केले. सुमारे ३६ मीटर उंचीचे महाद्वार ओलांडून आपण उघड्या प्रांगणात येतो, तेथून खांबांच्या मंडपात, तेथून आतल्या लहान मंडपात आणि शेवटी गाभाऱ्यात. प्रत्येक पायरीला जमीन थोडी उंचावते, छत थोडे खाली येते, उजेड कमी होतो. सृष्टीच्या आरंभी जलातून वर आलेल्या पहिल्या टेकाडाची ही प्रतिकृती. खांब म्हणजे त्या पाणथळीतले पपायरस आणि कमळ. हे एकदा डोळ्यांत बसले, म्हणजे कर्नाकचा मोडका पसारा वाचता येतो. नाहीतर तेथल्या १३४ खांबांच्या मंडपात मनुष्य फक्त माना वर करून थकतो.

मग कर्नाक आणि लक्सर. कर्नाकच्या पहिल्या महाद्वाराच्या मागे कच्च्या विटांच्या उतारवाटेचे अवशेष अजून पडून आहेत. बांधकाम अपुरे राहिले म्हणून ते काढले गेले नाहीत आणि म्हणूनच हे प्रचंड दगड वर कसे चढवले ते आपल्याला समजते. तिसऱ्या महाद्वाराच्या पोटात तर जुन्या देवालयांचे दगड भरीला घातलेले सापडले आणि त्यांतून सेनुस्रेत राजाचे एक लहान शुभ्र मंदिर पुन्हा जुळवता आले. लक्सरच्या देवालयात रोमन काळची पूजास्थाने झाली, पुढे चर्च झाले आणि अबू हग्गाग यांची मशीद आजही त्याच प्राकारात आहे. उपासनेची जागा बदलली नाही, उपासना बदलली.

पश्चिमतीर पहाटे गाठावा. देर-अल-बहरी येथे हातशेपसूत राणीच्या तीन मजली देवालयाचे तोंड पूर्वेला आहे. सकाळचे ऊन कड्यावर पडते तेव्हाच त्याची रचना उठून दिसते आणि दुपारी तेथे उभे राहवत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ योग्य. उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर जातो.

आता मी ज्या गोष्टीकडे येत होतो ती सांगतो. अस्वानच्या दक्षिणेस आपण जे पाहतो, ते मूळ जागी नाही. इंग्रजांनी १८९८ ते १९०२ या काळात अस्वानला पहिले धरण बांधले आणि पुढे दोनदा त्याची उंची वाढवली. फिली बेटावरचे इसिसचे देवालय वर्षातील बराच काळ पाण्यात राहू लागले. नेमके हिवाळ्यात, प्रवासी येत तेव्हा, जलाशय भरलेला असे आणि खांबांच्या माथ्यांमधून होड्या हिंडत. जुन्या प्रवाशांनी वर्णिलेले तेथले रंग त्या पाण्याने धुऊन गेले. १९६० साली मोठ्या धरणाचे काम सुरू झाले, तेव्हा साऱ्या नुबियाचाच प्रश्न उभा राहिला. ८ मार्च १९६० रोजी युनेस्कोने जगाला हाक दिली. आपल्या पुरातत्त्व खात्याचे पथकही बी. बी. लाल यांच्या नेतृत्वाखाली १९६२ मध्ये नुबियात उत्खननास गेले होते. १९६४ ते १९६८ या काळात अबू सिंबेलची देवालये मोठमोठ्या तुकड्यांत कापून सुमारे ६५ मीटर वर आणि २०० मीटर मागे नेऊन पुन्हा जुळवली गेली. मागचा डोंगर हा काँक्रीटच्या घुमटावर रचलेला आहे. वर्षातून दोनदा, २२ फेब्रुवारी आणि २२ ऑक्टोबरच्या सुमारास, गाभाऱ्यापर्यंत पोहोचणारे सूर्यकिरण नव्या जागीही पोहोचतात. (हे दिवस रामसेसच्या जन्माचे व राज्यारोहणाचे, असे वाटाडे सांगतात, त्याला पुरावा नाही.) फिली १९७२ ते १९८० मध्ये शेजारच्या अगिल्किया बेटावर गेले.

धरण नको होते, असे म्हणणे सोपे आहे; पण वाढत्या लोकसंख्येला पाणी, धान्य आणि वीज हवी होती, हेही तितकेच खरे. निराळीच गोष्ट मनाला बोचते. दगड हलवण्यासाठी जगभरातून पैसा आला, प्रत्येक तुकड्यावर क्रमांक घातला गेला आणि जुन्या जागेची दिशासुद्धा जपली गेली. त्याच नुबियातील, इजिप्तच्या बाजूची सुमारे ५० हजार माणसे १९६३-६४ मध्ये कोम ओम्बोच्या परिसरात नेऊन वसवण्यात आली आणि सुदानच्या बाजूची जवळजवळ तितकीच माणसे त्यांच्या नदीपासून दूर, खश्म-अल-गिरबा येथे गेली. त्यांची गावे, खजुरीच्या बागा आणि पूर्वजांच्या कबरी सरोवराखाली राहिल्या. देवांना तीच दिशा मिळाली, धरणग्रस्तांना नदीही मिळाली नाही. अबू सिंबेलची भव्यता पाहताना समोरच्या पाण्याखाली काय आहे, हे ज्याला ठाऊक नाही त्याने निम्मेच पाहिले. म्हणून अस्वानला १९९७ साली उघडलेले नुबियन वस्तुसंग्रहालय आपल्या आखणीत अवश्य घालावे आणि ते अबू सिंबेलच्या आधी पाहावे.

शेवटचा दिवस फिलीसाठी राखावा. इ. स. १९ मध्ये रोमन राजपुत्र जर्मानिकस थीब्जला आला, तेव्हा भिंतींवरचे लेख वाचून दाखवणारा एक वृद्ध पुजारी त्याला भेटला, असे टॅसिटसने नोंदले आहे. तेव्हा वाचणारे होते. पुढे ते कमी कमी होत गेले. आपल्याला ज्ञात असलेला शेवटचा चित्रलिपीतील लेख फिलीच्या भिंतीवर आहे. त्याची तारीख २४ ऑगस्ट ३९४. त्यानंतर चौदाशेहून अधिक वर्षे ही सारी देवालये मुकी होती. येणारा येई, थक्क होई आणि परत जाई. १८२२ साली शांपोल्याँने लिपी उलगडली, तेव्हा रोझेटाच्या शिळेबरोबर ‘क्लिओपात्रा’ हे नाव असलेला एक स्तंभ त्याच्या उपयोगी पडला, आणि तो स्तंभ फिलीहूनच इंग्लंडला नेलेला होता.

त्या बेटावर जाण्यास आजही होडीच लागते आणि होडी वल्हवणारा बहुधा नुबियन असतो. परतताना घाई करू नये. त्याला त्याचे मूळ गाव कोणते, एवढे विचारावे आणि तो जे सांगेल ते ऐकून घ्यावे.