यंदा फड कोणाचा?

चैत्र जवळ आला की नगर जिल्ह्याच्या संगमनेर, अकोले, पारनेर या तालुक्यांतल्या पारांवर एक प्रश्न हमखास निघतो : यंदा जत्रेला फड कोणाचा? प्रश्न साधा आहे, पण उत्तर देणाऱ्याने जपून बोलायचं असतं. त्याने सुचवलेला तमाशा पडला, तर पुढची जत्रा येईपर्यंत त्याला टोमणे ऐकावे लागतात.

या प्रश्नाचा निकाल लागतो तो जिल्ह्याबाहेर, पण शिवेला लागूनच. पुणे-नाशिक रस्त्यावरचं नारायणगाव पुणे जिल्ह्यात मोडतं. तिथे गुढीपाडव्याच्या सुमारास तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. बाहेर फडाचा फलक आणि कलावंतांचे फोटो, आत गादीवर बसलेला व्यवस्थापक आणि त्याच्यापुढे तारखांची वही. जत्रा कमिटीचे पंच येतात, चहा होतो, घासाघीस होते आणि सुपारी दिली जाते. यात्रेची तारीख गावाला बदलता येत नाही. त्यामुळे चैत्री पौर्णिमेसारख्या दिवशी फडवाला चढ्या भावाने बोलतो. अलीकडे मोठ्या फडाची एका रात्रीची सुपारी लाखांत जाते, आणि हा पैसा घरटी वर्गणीतून उभा राहिलेला असतो.

या सगळ्या व्यवहारात एक गोम आहे. राहुटीत खेळ दिसत नाही. ढोलकी वाजत नाही, वग लागत नाही. पंच जे विकत घेतात ते न बघताच घेतात. म्हणजे खरा निर्णय आधीच, दुसऱ्या कुठल्या तरी गावात झालेला असतो. कोणाच्या मामाच्या गावी गेल्या वर्षी अमुक फड आला होता, कोणाच्या जावयाने पहाटेपर्यंत बसून वग पाहिला होता. जत्रांमागे फिरणारे मिठाईवाले आणि खेळणीवाले तर या बाबतीतले जाणकारच. एका हंगामात जेवढे फड त्यांच्या नजरेखालून जातात, तेवढे कोणत्याच पंचाच्या जात नाहीत.

चौकशीही ठरलेली असते. सोंगाड्या कसा आहे? गौळणीत मावशी रंगते का? वग कोणता लावतात, ऐतिहासिक की सामाजिक? माणसं मध्येच उठून जातात का? आणि सकाळच्या हजेरीला कलावंत उभे राहतात, की रात्रीतच तंबू गुंडाळून पुढच्या गावाला निघतात? जाणता माणूस फडाची निव्वळ तारीफ करत नाही. ‘बतावणी झकास, पण वग लांबतो’ असं तोलून सांगणाऱ्याचा शब्द पंच मानतात.

कीर्ती अशी कानोकानी फिरत असल्यामुळेच बहुधा तमाशाच्या फलकांवर नावं लांबलचक असतात. ‘रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर’ हे त्यातलं एक. कांताबाई तुकाराम खेडकरांच्या फडात आल्या, स्त्री-भूमिकांबरोबर पुरुष-भूमिकाही त्यांनी गाजवल्या आणि पुढे संगमनेर हेच त्यांचं घर झालं. रघुवीर त्यांचे चिरंजीव. मुलाच्या नावाशेजारी आईचं नाव ठेवण्यात माया होतीच, पण धंद्याची जाणही होती. ज्यांनी कांताबाईंना पाहिलं होतं, त्यांनी पुढच्या पिढीला ते नाव सांगून ठेवलं होतं. तिकडे नारायणगावच्या भाऊ-बापूंची परंपरा विठाबाईंनी चालवली, 1957 आणि 1990 साली राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळवला, आणि विठाबाईंची कन्या ही ओळख मंगला बनसोडे यांना गावोगाव वेगळी सांगावी लागली नाही.

संगमनेरला हा नाद नवा नाही. अनंत फंदी इथलेच. 1744 ते 1819 हा त्यांचा काळ. त्यांच्या लावण्या-फटक्यांना ना छापखाना होता ना जाहिरात. ऐकणाऱ्याने पाठ करायचं, दुसऱ्या गावी म्हणून दाखवायचं आणि ‘हे फंदीचं’ असं सांगायचं, एवढीच सोय. गाण्यातच कवीचं नाव गुंफण्याची शाहिरांची रीत अशा वेळी फार उपयोगी पडते. ऐकणाऱ्याला मूळ मालक आपोआप कळतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला अ‍ॅक्वर्थ आणि शाळिग्राम पोवाडे गोळा करायला निघाले, तेव्हाही त्यांना लोकांच्या पाठांतरावरच विसंबावं लागलं. त्यांचा संग्रह 1891 साली छापून आला.

फंदींची एक आख्यायिका सांगितली जाते. ब्राह्मणाने तमाशा करावा हे अहिल्याबाई होळकरांना रुचलं नाही, त्यांनी कानउघाडणी केली आणि फंदींनी डफ सोडून कीर्तन धरलं. गंमत अशी, की ज्या अहिल्याबाईंचं नाव आज जिल्ह्याला आहे, त्यांचं जन्मगाव चौंडी जामखेड तालुक्यात येतं, आणि जामखेड हे नाव लावणीच्या शौकिनांना तिथल्या कलाकेंद्रांमुळेच तोंडपाठ असतं.

तमाशातून कीर्तनाकडे जाणारी वाट पुढे आणखी एका नगरकराने चालून दाखवली. अकोळनेरला 1868 साली जन्मलेले गणपतराव सहस्रबुद्धे, म्हणजे दासगणू, आधी पोलिसात होते. तमाशाचा शौक, लावण्या रचण्याची हातोटी. नंतर ते कीर्तनकार झाले आणि शिर्डीच्या साईबाबांची महती त्यांनी कीर्तनातून ठाणे-मुंबईपर्यंत नेली. कोणा गोष्टीने भारावलेल्या माणसाने ती दुसऱ्याला सांगावी, तर कशी सांगावी याचा या जिल्ह्यातला हा सर्वात ठळक नमुना. साईसच्चरितात त्याचा एक दाखला आहे. ठाण्याच्या कौपीनेश्वर मंदिरातलं दासगणूंचं कीर्तन ऐकून चोळकर नावाचा गरीब उमेदवार नवस बोलला, आणि शिर्डीला जाण्याइतके पैसे साठेपर्यंत त्याने चहातली साखर सोडली. त्याच अध्यायात श्रोत्यांच्या आवडीनिवडीही येतात : कोणाला विद्वत्ता हवी, कोणाला हावभाव, कोणाला गाणं. भक्तीचा भाग बाजूला ठेवला, तर पारावरच्या चौकशीपेक्षा हे फार वेगळं नाही.

मग बोलपट आला. नगरच्या ख्रिस्ती कुटुंबात 1918 साली जन्मलेला शाहू मोडक हा मुलगा भालजी पेंढारकरांच्या ‘श्यामसुंदर’मध्ये 1932 साली कृष्ण झाला. चित्रपट मुंबईत पंचवीस आठवड्यांहून अधिक चालला. पुढे मोडकांना पुनःपुन्हा कृष्णच व्हावं लागलं, कारण प्रेक्षकांनी एकमेकांना जो कृष्ण सांगितला होता तो हाच होता.

खेड्यात मात्र सिनेमा जत्रेच्याच वाटेने आला. टुरिंग टॉकीज, म्हणजे तंबू, पडदा, जुनाट प्रोजेक्टर आणि मालमोटार. दिवसा कर्णा लावलेली गाडी आसपासच्या वाड्यावस्त्यांवर फिरायची, अंधार पडला की खेळ सुरू. कर्ण्यावर प्रत्येक चित्रपट ‘तुफान गर्दीत’ चाललेलाच असायचा, त्यामुळे त्यावर कोणी फारसा भरवसा ठेवत नसे. पहिला खेळ बघून बाहेर पडणाऱ्यांची तोंडं पाहून दुसऱ्या खेळाचं तिकीट काढावं, हे शहाणपण जास्त खरं. महाराष्ट्रातल्या या फिरत्या तंबूंवर ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट निघाला आणि 2016 साली कान महोत्सवात त्याची दखल घेतली गेली, तोवर बरेच तंबू बंद पडले होते.

बायकांच्या शिफारशीचं बळ कळलं ते 1991 साली, ‘माहेरची साडी’च्या वेळी. त्या वर्षी गावोगावच्या बायका ट्रॅक्टर-ट्रॉलीत बसून तालुक्याच्या थिएटरला गेल्याच्या आठवणी आजही निघतात. समीक्षकांनी नाकं मुरडली ती मुरडलीच. पण विहिरीवर आणि खुरपणीला एकीने दुसरीला रडत-हसत सांगितलेली गोष्ट कोणत्याही परीक्षणाहून लांब पोचली. सिनेमा थोर होता असं नाही. सांगणारीला तो आपला वाटला होता, हे मात्र खरं.

नंतरच्या पिढीत नगरनेच शिफारस करण्याजोगं काही दिलं. नागराज मंजुळे यांनी न्यू आर्ट्स कॉलेजात शिकताना ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. भाऊराव कऱ्हाडे यांनी जमीन विकून ‘ख्वाडा’ काढला. मेंढपाळ धनगर कुटुंबाच्या या चित्रपटालाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि 2015 साली तो थिएटरांत लागला तेव्हा ‘आपल्याकडचा पिक्चर आहे, बघून ये’ एवढं सांगणं इथल्या लोकांना पुरेसं होतं. भाषा, माळरान, मेंढरं, सगळं ओळखीचं.

आता फड ठरवायला जावयाला विचारावं लागत नाही. मोबाइलवर नाचाचा अर्धा मिनिट दिसतो आणि तरुण मंडळ तेच आणा म्हणून हटून बसतं. अर्ध्या मिनिटात अदा कळते. रात्रभराचा वग कळत नाही, सोंगाड्याचा हजरजबाब कळत नाही, आणि व्हिडिओ पुढे ढकलणाऱ्याला जत्रेच्या दुसऱ्या दिवशी पारावर कोणी जाबही विचारत नाही. जुन्या पंचांची तक्रार यासाठी असेल, तर ती रास्त आहे.

2020 चा पाडवा 25 मार्चला आला. देशभर टाळेबंदी सुरू झाली तो हाच दिवस. जत्रा रद्द झाल्या, सुपाऱ्या बुडाल्या, कलावंतांवर उपासमारीची वेळ आली. पुढच्या वर्षी मे महिन्यात कांताबाई सातारकर संगमनेरमध्ये कोरोनाने गेल्या. जत्रा पुन्हा भरू लागल्यावर राहुट्याही पुन्हा लागल्या. ज्यांच्या गावात अजून गावकीचा तमाशा होतो, त्यांनी यंदा तो पहाटेपर्यंत बसून पाहावा, आणि कसा झाला ते शेजारच्या गावाला कळवावं.