धर्मशिक्षण, कॅथलिक (कुमारवयीनांचे)
कॅथलिक कुटुंबांतील मुलामुलींना श्रद्धेची तत्त्वे, संस्कार, दहा आज्ञा व प्रार्थना शिकविण्याची पद्धत. ट्रेंट धर्मपरिषदेने (१५४५–६३) रविवारी व सणांच्या दिवशी मुलांना हे शिक्षण देणे धर्मगुरूंचे कर्तव्य ठरविले. १९१० मध्ये पोप दहावे पायस यांनी प्रथम ख्रिस्तप्रसादासाठी साधारण सात वर्षांचे वय पुरेसे मानले. त्यामुळे कुमारवयातील शिकवणीचा भर बहुधा दृढीकरण संस्काराच्या तयारीवर असतो.

गोव्यात जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स (सु. १५४९–१६१९) यांनी ही शिकवण लोकभाषेत आणली. त्यांच्या कोकणी ‘दौत्रिन क्रिस्तां’त (१६२२) गुरुशिष्यांची प्रश्नोत्तरे आहेत, मुलांकडून घोकून घेण्यास ती सोयीची. सुमारे ११ हजार ओव्यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ (१६१६) मात्र वाचून दाखविण्यासाठी आहे. तेथे बायबलमधील कथा पुराणाच्या थाटात येते.

सध्या रविवारच्या मिस्सेला जोडून वयोगटांनुसार वर्ग भरतात. पाठांतराच्या जोडीला बायबलवाचन व चर्चाही असते. मुलांचे पहिले शिक्षक आईवडीलच, असे चर्च मानते.